सात-बारावर नसलेले दगड

बोटीवरच्या नाट्यगृहात आम्हाला सकाळी साडेसातला बसवले आणि प्रत्येकाच्या कोटावर एकेक गोल चिठ्ठी चिकटवली. माझ्या आणि पत्नीच्या कोटावर १४ हा आकडा होता. बँकेत असताना काउंटरपलीकडून पितळी टोकन देण्याचे काम मी काही वर्षे केले. टोकन घेऊन आपला नंबर पुकारण्याची वाट बघत बसण्याची ही पहिलीच वेळ. '१४ नंबर' अशी हाक आली आणि आम्ही चाळीस-एक माणसे शाळेच्या सहलीसारखी रांगेने खाली उतरलो. धक्क्यावर बस उभी होती आणि बसच्या दारात लोकरी टोपी घातलेली, वाऱ्याने गाल लाल झालेली एक मध्यमवयीन बाई होती. ती आमची वाटाडी.

गाव कर्कवॉल. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाचा सत्तरेक बेटांचा पुंजका आहे, त्याची ही राजधानी. साऱ्या बेटांची मिळून लोकसंख्या २२ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. २०२५च्या जूनमध्ये, ॲबरडीनला नोकरी करणाऱ्या मुलाने हौसेने तिकिटे काढून दिली म्हणून आम्ही या बोटीवर चढलो होतो. बोटीवर दोन हजारांहून अधिक प्रवासी. ते एका सकाळी उतरतात, दुपारी चढतात आणि संध्याकाळी बोट दुसऱ्या बंदराकडे तोंड वळवते. मधल्या वेळेत जे दाखवले जाते त्याला 'किनाऱ्यावरची सहल' म्हणतात. आमची सहल प्रागैतिहासिक उभ्या दगडांची होती.

हे प्रवासवर्णन नाही. ते लिहिणारे माझ्यापेक्षा चांगले लोक पुष्कळ आहेत. त्या चार तासांत एक जुना हिशेब माझ्यासमोर उघडला गेला. तो माझा एकट्याचा असता तर वहीत ठेवला असता. पण आपल्या राज्यात यापुढे जे होऊ घातले आहे त्याच्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून तो वाचकांसमोर ठेवतो.

चाळीस मिनिटे

बस झाडे नसलेल्या, गाईंनी भरलेल्या हिरव्या टेकाडांमधून वीसेक मिनिटे गेली आणि दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आली. पट्टीच्या अलीकडे स्टेनेसचे दगड आहेत. एके काळी इथे बाराएक दगडांचे वर्तुळ असावे. आज चार उरले आहेत. सर्वांत उंच दगड साडेपाच मीटरच्या पुढे जातो आणि जाडी मात्र जेमतेम हातभर. पोलादी पात्यासारखे हे दगड इ.स.पू. ३१००च्या सुमारास उभे केले गेले, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पाचेकशे वर्षे आधी. पट्टी ओलांडली की ब्रॉडगारचे कडे. १०४ मीटर व्यासाचे, जवळजवळ निर्दोष वर्तुळ. मूळचे साठेक दगड असावेत. छत्तीस टिकले, त्यांतल्या काहींचे नुसते बुंधे. भोवती खडकात खणलेला खंदक आहे. धातूचे हत्यार ठाऊक नसलेल्या माणसांनी तो दगडाने आणि शिंगाने खणला. त्यासाठी ८० हजार माणूस-तास लागले असावेत असा पुरातत्त्वज्ञांचा एक अंदाज आहे. ऑर्कनीची त्या काळची वस्ती काही हजारांची. त्यांनी पेरणी-कापणी सांभाळून हे केले. कशासाठी केले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

वाटाड्या बाईंनी सांगितले, "तुमच्याकडे चाळीस मिनिटं आहेत."

पत्नी म्हणाली, "साडेचार हजार वर्षं चाळीस मिनिटांत. काढा बरं हिशेब." मी सवयीने काढला. मिनिटाला एकशे बारा वर्षे. एक दगड बघून दुसऱ्याकडे वळेपर्यंत शिवकाल ते पेशवाई उरकत होती.

वारा इतका होता की बोलणे पुढच्या माणसाला ऐकू जात नव्हते. मी एका दगडाला हात लावला. थंड, खरखरीत, पिवळ्या दगडफुलाने झाकलेला. मग खाली पाहिले. दगडाच्या पायथ्याशी गवत नव्हते, उघडी ओली माती होती. हजारो बुटांनी ती तिथे दाबली गेली होती. आतल्या वाटेचा काही भाग दोरी बांधून बंद केला होता. जमीन खचू लागली की तिला विसावा देण्यासाठी असे करावे लागते, असे बाईंनी सांगितले. रस्त्यापलीकडच्या तळावर मी बस मोजल्या. सात होत्या. आठवी वळत होती.

मी काही त्या गर्दीच्या बाहेरचा नव्हतो. गुडघे कुरकुरतात; बोटीने नेले नसते तर या वयात इतक्या दूर मी एकटा गेलो नसतो. माझ्या कोटावरचा १४ हा आकडा पुढच्या सगळ्या विवेचनात वाचकांनी लक्षात ठेवावा.

कॅप्टन मॅकेचा राग

परतीच्या वाटेवर बाईंनी स्टेनेसच्या जवळचे एक रिकामे शेत दाखवले. तिथे ओडिनचा दगड होता. त्याच्या अंगात आरपार भोक होते. ज्यांना एकमेकांना वचन द्यायचे असे ते स्त्री-पुरुष त्या भोकातून हात घालून हातात हात धरत. ते वचन मोडणे फार मोठे पाप समजले जाई. मुलांना रोग होऊ नये म्हणून त्या भोकातून काढीत, असेही सांगतात. एकूण आपल्याकडचा एखादा म्हसोबा किंवा वेताळच म्हणा ना. हा दगड डिसेंबर १८१४ मध्ये मॅके नावाच्या कॅप्टनने फोडला. त्याने ही जमीन खंडाने घेतली होती आणि तो बाहेरून आलेला होता. स्टेनेसच्या वर्तुळातला आणखी एक दगड त्याने फोडला, एक पाडला. मग वरून मनाईहुकूम आला आणि तो थांबला. पाडलेला दगड १९०६ मध्ये पुन्हा उभा केला गेला. ओडिनचा दगड मात्र गोठ्याच्या बांधकामात गेला असे म्हणतात. गावकऱ्यांचा संताप एवढा झाला की त्याचे घर जाळण्याचा दोनदा प्रयत्न झाल्याची कथा आहे.

मॅकेने हे का केले? सांगितले जाणारे कारण ऐकून मी बसमध्ये सरळ बसलो. दगड बघायला येणारे लोक त्याचे शेत तुडवीत होते, त्याचा त्याला वैताग आला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे चारच महिने आधी, सर वॉल्टर स्कॉट दीपगृहांच्या आयुक्तांबरोबर बोटीने ऑर्कनीला येऊन हे दगड पाहून गेला होता. ऐतिहासिक कादंबरीचा जनक मानला गेलेला हा लेखकही एका अर्थी किनाऱ्यावरच्या सहलीलाच आला होता. त्याच्या येण्याचा आणि मॅकेच्या रागाचा थेट संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पण येणाऱ्यांना दगड हवा असतो आणि शेत कसणाऱ्याला खंड भरायचा असतो, हा झगडा आजचा नाही, एवढे त्यातून दिसते.

बसमधले सगळे 'अरेरे' म्हणाले. मॅकेला मूर्ख ठरवून झाले. मी गप्प होतो. मला माझी सही आठवत होती.

एका कर्जाची गोष्ट

१९८८-८९ च्या सुमारास मी नागपूर जिल्ह्यातल्या एका शाखेत शेती कर्जे बघत होतो. नागपूर शहराच्या वायव्येला, काटोल रस्त्याकडे, जुनापाणीची शिळावर्तुळे आहेत. तीनशेच्या आसपास वर्तुळे, मोठमोठ्या धोंड्यांची. ती महापाषाणयुगातली दफने आहेत. विदर्भात माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा अशी कितीतरी ठिकाणे आहेत. ढोबळ मानाने इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली ही माणसे लोखंड गाळत, घोडे बाळगत आणि मेल्यावर कधी कधी घोड्याला तांब्याच्या दागिन्यांसकट सोबत नेत. ऑर्कनीच्या दगडांहून ही वर्तुळे दोन हजार वर्षांनी तरुण. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण जुनापाणी हे संरक्षित स्मारक आहे आणि त्याच्या हद्दीबाहेर, आसपासच्या शिवारांत, अशी सुटी वर्तुळे विखुरलेली होती. काही आजही आहेत.

अशाच एका शिवारात एका शेतकऱ्याने जमीन सपाटीकरण आणि विहिरीसाठी १८ हजारांचे कर्ज मागितले. मी मोटारसायकलवरून पाहणीला गेलो. शेताच्या वरच्या अंगाला काळ्या धोंड्यांचे वर्तुळ होते, बारा-तेरा पावले रुंद. मधे मुरमाचा उंचवटा. दोन-तीन धोंड्यांवर वाटीएवढे खड्डे रांगेने कोरलेले. मी विचारले, हे काय? शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या बापाने सांगितले, "गवळ्यांच्या राज्यातलं आहे साहेब. आम्ही तिकडं नांगर नेत नाही." मुलगा म्हणाला, "म्हणूनच तर अर्धा एकर पडीक राहिला."

मी सात-बारा पाहिला. कर्ज देणारा माणूस सात-बारावर सगळ्यात आधी 'इतर अधिकार' हा रकाना बघतो. सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, वाटेचा हक्क, जे काही जमिनीला चिकटलेले असते ते तिथे लिहिलेले असते. रकाना कोरा होता. कर्ज मंजूर झाले आणि आठ दिवसांत त्याच रकान्यात आमच्या बँकेचा बोजा चढला.

तीन-चार महिन्यांनी विनियोगाची तपासणी करायला गेलो. शेत एकसारखे झाले होते. विहिरीला पाणी लागले होते, आणि विहिरीचे बांधकाम काळ्या दगडात होते. मी अहवालात लिहिले, 'कर्जाचा विनियोग योग्य कारणासाठी झाला आहे', आणि सही केली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. त्या माणसाने कर्ज वेळेवर फेडले. दुबार पीक घेतले, पोरांना शिकवले. माझ्या सबंध नोकरीत मी दिलेल्या चांगल्या कर्जांपैकी ते एक होते. दोन हजारांहून अधिक वर्षे बसलेल्या दगडांची नोंद कुठल्याच रकान्यात नव्हती आणि १८ हजारांची होती, एवढाच काय तो फरक.

पुढे कादंबऱ्या लिहू लागलो, वाचन वाढले, तेव्हा कळले की जुनापाणीची वर्तुळे १८६०च्या दशकात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने उकरून पाहिली होती. मध्य प्रांताचा कापसाचा आयुक्त होता तो. धोंड्यांवरचे ते वाटीसारखे खड्डे पाहून त्याला स्कॉटलंडमधल्या दगडांवरचे तसेच खड्डे आठवले आणि त्याने त्यांची तुलना लिहून ठेवली. म्हणजे नागपूर आणि स्कॉटलंड यांची गाठ माझ्या आधी शंभरेक वर्षे कोणीतरी घालून दिली होती. मी ते तेव्हा वाचले असते तर सही केली नसती का? प्रामाणिकपणे सांगतो, केली असती. न करण्याचे कारण दाखवायला माझ्याजवळ कागद नव्हता.

आमच्याच धंद्यातला एक माणूस

कागद का नव्हता, हे समजून घ्यायचे तर सर जॉन लबक यांच्याकडे जावे लागते. हे गृहस्थ लंडनचे बँकर, घराण्याची पेढी सांभाळणारे. इंग्लंडातल्या नोकरदारांना 'बँक हॉलिडे' मिळाला तो यांनी १८७१ साली करून घेतलेल्या कायद्यामुळे. १८६५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी अश्मयुगाचे जुने आणि नवे असे दोन भाग केले. नवाश्मयुग हा आपल्या पाठ्यपुस्तकांतला शब्द त्यांच्याच इंग्रजी शब्दाचे मराठी रूप आहे. एव्हबरीच्या प्राचीन वर्तुळाच्या जागेवर घरे होणार असे कळले तेव्हा या बँकरने पदरचे पैसे घालून जमीन विकत घेतली.

पुढे पार्लमेंटात त्यांनी प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा मांडला. तो दशकभर अडवला गेला. आक्षेप एकच होता: खासगी जमिनीत सरकारने का डोकवावे? अखेर १८८२ मध्ये पातळ केलेला कायदा संमत झाला. त्याला जोडलेल्या पहिल्याच यादीत ब्रॉडगार आणि स्टेनेसचे दगड होते. पण मालकाने आपणहून स्मारक सरकारच्या हवाली केले तरच संरक्षण, अशी तरतूद होती. ऑर्कनीचे हे दगड सरकारी देखरेखीखाली यायला १९०६ साल उजाडले. आपल्याकडे लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४चा कायदा आला, स्वातंत्र्यानंतर १९५८चा. यादीत असलेल्या स्मारकाला संरक्षण आणि यादीबाहेरच्याला वारा, ही पद्धत मात्र तिथून इथपर्यंत तशीच आली.

लबकना एक गोष्ट उमगली होती. जुन्या वास्तूचे मोल सगळ्या समाजाला असते आणि ती राखण्याची किंमत एकट्या मालकाला पडते. म्हणून त्यांनी किंमत स्वतः मोजली. सगळेच बँकर एवढे श्रीमंत नसतात आणि सगळे एवढे उदारही नसतात. तेव्हा ही किंमत कोणी मोजायची हा प्रश्न उरतोच. आज तो पर्यटनाच्या रूपाने पुन्हा समोर आला आहे.

मुद्दल कोणाचे, व्याज कोणाला

ऑर्कनीचे हे दगड, जवळचे मेस हाउचे थडगे आणि समुद्रकाठचे स्कारा ब्रे हे नवाश्मयुगीन खेडे १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. अलीकडच्या वर्षांत एका हंगामात दोनशेच्या घरात प्रवासी बोटी तिथे लागतात. हिशेब असा आहे. आमच्यासारखा प्रवासी बोटीवर झोपतो, बोटीवर जेवतो. सकाळी भरपेट न्याहारी करून उतरतो, दुपारच्या जेवणाला परत येतो. ब्रॉडगार आणि स्टेनेसला तिकीट नाही. आम्ही दोघांनी त्या दिवशी ऑर्कनीत दोन कॉफ्या, एक लोकरी टोपी आणि चार पोस्टकार्डे एवढा खर्च केला. सहलीचे पैसे आम्ही बोटीच्या कंपनीला दिले होते. त्यातले किती बसवाल्याला आणि वाटाड्या बाईंना पोचले, ते आम्हाला कळण्याची सोय नव्हती.

दुसरी बाजूही आहे. ऑर्कनीची बंदरे तिथल्या स्थानिक परिषदेच्याच ताब्यात आहेत, त्यामुळे बोटी जे बंदर-शुल्क भरतात ते बेटावरच राहते. बसवाले, वाटाडे, चांदीचे आणि लोकरीचे कारागीर यांना हंगाम मिळतो. आमच्या वाटाड्या बाईंच्या घरी गाई होत्या. सहलींच्या मिळकतीवर आपला हिवाळा निघतो, असे त्या म्हणाल्या. आणि त्याच वाक्याला जोडून म्हणाल्या, "दोन बोटी एका दिवशी आल्या की आम्ही बाजाराला जायचं टाळतो."

स्कॉटलंडच्या संसदेने २०२४ मध्ये पर्यटकांवर आकार बसवण्याचा अधिकार स्थानिक परिषदांना दिला. पण हा आकार रात्रीच्या मुक्कामावर घ्यायचा आहे. जो लॉजमध्ये तीन रात्री राहतो, स्थानिक खाणावळीत जेवतो, तो आकार देणार; जो चार तास येऊन माती दाबून जातो त्याच्यावर काही नाही. ही विसंगती लक्षात आल्यामुळे बोटींवर वेगळा आकार घ्यावा का, यावर तिथल्या सरकारने २०२५ मध्ये लोकांची मते मागवली. ग्रीसने जुलै २०२५ पासून बोटीने उतरणाऱ्या प्रवाशांवर आकार सुरू केला. व्हेनिसने २०२४ मध्ये एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून ठरावीक दिवशी पाच युरो घ्यायला सुरुवात केली. गर्दी त्याने फारशी हटली नाही. पण माझ्या मते अशा आकाराचे मुख्य काम गर्दी हटवणे नव्हे, घसारा भरून काढणे हे आहे. कुठल्याही यंत्राची किंमत दरसाल थोडी थोडी उतरते, तशी तरतूद ताळेबंदात करावी लागते. ज्या धंद्यात यंत्र साडेचार हजार वर्षांचे आहे आणि दुसरे मिळणार नाही, तिथे घसाऱ्याची तरतूद शून्य ठेवणारा ताळेबंद माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता.

घसारा बुटांचाच नव्हे. स्कारा ब्रे १८५० मधल्या एका वादळाने वाळू उडवून नेल्यामुळे उघडे पडले. दगडी पलंग, दगडी फडताळे, पाच हजार वर्षांपूर्वीचा संसार. आता समुद्र त्याच्या अगदी पायाशी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली संरक्षक भिंत दोन्ही टोकांना लाटांशी झगडते आहे. हवामान बदलाचा धोका मोजण्यासाठी २०१९ मध्ये तिथे जी पाहणी झाली तिच्यात हा वारसा 'अत्यंत धोकाप्रवण' ठरला. ज्या बोटीच्या धुराड्याखाली उभा राहून मी हे वाचत होतो तिचाही त्यात वाटा आहे, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

स्टेनेस आणि ब्रॉडगार यांच्या मधल्या पट्टीवर आणखी एक जागा आहे. तिचा धडा मला सर्वांत मोलाचा वाटला. तिथे २००३ मध्ये नांगरताना एक कोरीव कडांची शिळा वर आली. मग वीस वर्षे उत्खनन चालले आणि प्रचंड दगडी इमारतींचे संकुल उजेडात आले. एका इमारतीच्या निरोपाच्या जेवणावळीत चारशेच्या आसपास गुरे कापली गेल्याचा पुरावा सापडला. जगभरचे लोक ते बघायला येऊ लागले. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पुरातत्त्वज्ञांनी ते काम थांबवून सगळे पुन्हा मातीने बुजवले. कारण हवेत उघडे पडलेले तिथले दगड पापुद्र्यांनी सुटू लागतात. आमच्या बसमधले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे बघायला काहीच नाही?" बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही. तुमच्या पणतवंडांना असेल." हातात आलेले पुन्हा मुदत ठेवीत टाकण्याएवढा संयम त्या लोकांनी दाखवला.

आपल्याकडचा ताळेबंद

आता घराकडे वळू. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या एकाच बैठकीत दोन नावे यादीत चढली. एक, फ्रान्समधल्या कार्नॅकचे हजारो उभे दगड. दुसरे, मराठ्यांचे १२ किल्ले, महाराष्ट्रातले ११ आणि तामिळनाडूतला जिंजी. आपल्याकडे पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच होते. पण कार्नॅकची २०२३ ची बातमी आपण वाचायला हवी होती. तिथे एका दुकानाच्या बांधकामासाठी ३९ छोटे उभे दगड हलवले गेले. त्यांचे खरे वय काय यावर नंतर वाद झाला. पण जगप्रसिद्ध गावातही बांधकामाचा परवाना देणाऱ्याच्या हातातल्या कागदावर दगड नव्हते, हे उघड झाले. तो परवाना देणारा कारकून मला परका वाटत नाही.

दर्जा मिळाला की माणसे येतात. रायगड, शिवनेरी, लोहगडावर सुट्टीच्या दिवशी होणारी गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. पन्हाळ्यावर तर गाव नांदते आहे. वारसा यादीत गेल्यावर आपल्या घरादारांचे काय, ही धास्ती तिथल्या रहिवाशांनी बोलून दाखवली होती. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र-संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीचे बंधन आहे. नियम स्मारकाच्या हिताचा आहे. पण त्या शंभर मीटरांत ज्याचे घर आहे त्याला मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवता येत नाही. या त्यागाबद्दल त्याच्या हातावर आपण काय ठेवतो?

कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या प्राथमिक यादीत आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा मिळून नऊ ठिकाणे. हत्ती, मासे, माणसे, न उलगडणाऱ्या चौकटी, जांभ्यात कोरलेल्या. त्यांतले बारसू हे नाव २०२३ मध्ये शिल्पांमुळे नव्हे तर तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून पेटलेल्या आंदोलनामुळे घराघरांत पोचले. यांतली बरीच शिल्पे खासगी मालकीच्या सड्यांवर आहेत. जांभ्याचा चिरा विकला तर पैसे येतात; शिल्प राखले तर कौतुक येते. कौतुकावर घर चालत नाही. तरीही पुष्कळ मालकांनी ती राखली. हे आपले भाग्य आहे. मात्र भाग्याच्या भरवशावर धोरण चालत नाही.

आणि आता बोटीही येऊ घातल्या आहेत. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये 'क्रूझ भारत' मोहीम मुंबई बंदरातून सुरू केली. २०२९ पर्यंत बोटींनी फिरणाऱ्या प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. उद्या रत्नागिरीला, मालवणला बोट लागेल, कोटावर आकडे चिकटवलेली माणसे उतरतील आणि सड्यावर चाळीस मिनिटे घालवतील. ती यावीत. मी गेलो तसे त्यांनीही यावे. पण ती येण्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात.

पहिली, नोंद. संरक्षित यादीत जाण्याची वाट न बघता प्रत्येक शिळावर्तुळ, प्रत्येक कातळशिल्प त्या गटाच्या सात-बारावर 'इतर अधिकार' रकान्यात चढावे. कर्ज देणाऱ्याला, अकृषक परवाना देणाऱ्याला, जमीन विकत घेणाऱ्याला ते दिसावे. याला मोठा खर्च नाही, तलाठ्याची एक फेरफार नोंद पुरते. दुसरी, मोबदला. जो मालक अर्धा एकर पडीक ठेवून दगड राखतो त्याला दरसाल भाडे मिळावे. पीक बुडाले तर भरपाई देतो. पीक न घेतल्याबद्दल देणे आपल्याला परवडेल. तिसरी, वाटा. बोटीने, बसने येणाऱ्या माणशी आकार घ्यावा आणि तो मुंबईच्या तिजोरीत न जाता त्या गावाच्या ग्रामपंचायतीत जमा व्हावा. वाटाडे त्याच गावचे असावेत. मॅकेला त्या काळी भेट देणाऱ्यांकडून चार पैसे मिळाले असते तर ओडिनचा दगड आज उभा असता की नाही, कोण जाणे. पण गोठा बांधायला त्याने दुसरे दगड शोधले असते, असे मानायला जागा आहे.

परत आल्यावर हिवाळ्यात मी नागपूरला गेलो होतो. मुद्दाम त्या शिवारात गेलो. ज्याला कर्ज दिले तो आता नाही. त्याच्या मुलाने ओळख लागल्यावर चहा केला. विहीर चांगली आहे, पाणी आहे. विहिरीच्या थारोळ्याशी कपडे धुण्यासाठी एक काळा धोंडा टाकलेला होता. त्यावर वाटीएवढे खड्डे होते, रांगेने. त्यांत साबणाचे पाणी साचले होते.

मी त्याला सगळे सांगितले. हा दगड काय आहे, कोठून आला, मी काय सही केली होती. त्याने शांतपणे ऐकून घेतले. बांधापलीकडे त्याच्या चुलत्याच्या वाटणीत असे आणखी एक वर्तुळ शाबूत आहे, असे तो म्हणाला. मी म्हटले, "त्याची सात-बारावर नोंद करून घ्या."

त्याने विचारले, "नोंद झाली तर बँक कर्ज देईल का, साहेब? आणि पोरीच्या लग्नाला जमीन विकायची वेळ आली, तर विकता येईल?"

तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर यायला हवे होते. मला देता आले नाही. ते देण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही, ते त्याच्याकडे चाळीस मिनिटांसाठी येणाऱ्या आपल्या सगळ्यांवर आहे.